खुर्ची मिळाली, पण वाजवायचं कुणाचं?

मैत्रिणींनो, आधीच कबूल करते, पाश्चात्त्य संगीतातलं मला फारसं कळत नाही. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेली, वस्त्यांमधून बचत गट चालवणारी आणि घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेऊन पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणारी बाई. पण एक गोष्ट मला नक्की येते, ती म्हणजे मोजणं. बैठकीला किती बायका आल्या, किती बोलल्या, किती मधूनच उठून गेल्या, हे मोजत माझी तिशी सरत आली. त्यामुळे गेल्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या भाचीच्या ऑर्केस्ट्राची मैफल ऐकायला जाऊन बसले, तेव्हाही मी पहिल्यांदा मोजलंच.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणेशोत्सवातला सिनेगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. हा तो नव्हे. हा विद्यार्थ्यांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा, बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठातला. माझी थोरली बहीण बरीच वर्षं अमेरिकेत आहे. तिची मुलगी तिथे शिकते आणि या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचीच थोडी मोठी, खर्जातली बहीण.

हातात कार्यक्रमपत्रिका होती. तिच्या पहिल्या पानावर ऑर्केस्ट्राच्या वाढीची गोष्ट मोठ्या अभिमानानं छापलेली. सुरुवात तीसेक मुलांनिशी झाली, तेव्हा तुताऱ्या-शिंगं वाजवायला पुरेसं कुणी नव्हतं, आणि आता रंगमंचावर ऐंशीच्या वर वादक. त्यात मुली निम्म्याहून जास्त! मी मोजून पाहिलं. खरंच होत्या. शेवटच्या रांगेत ट्रॉम्बोन वाजवणारी मुलगी, पलीकडे ढोलांपाशी मुलगी, आणि पहिल्या खुर्चीवर, व्हायोलिनवाल्यांची म्होरकी, तीही मुलगीच. माझा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू?

ही खुर्ची बायकांना सुखासुखी मिळालेली नाही. तिथून जवळच असलेल्या हार्वर्डमधला विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा आपलं मूळ १८०८ सालापर्यंत नेतो. त्या साली काही विद्यार्थ्यांनी तिथे एक संगीतमंडळ काढलं. ते अर्थातच मुलांचं. शेजारच्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजचा ऑर्केस्ट्रा वेगळा. हे दोन एकत्र कधी आले? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, जेव्हा मुलं सैन्यात गेली आणि वादक कमी पडायला लागले. पुरुष लढाईवर गेल्यावर कारखान्यांची दारं बायकांना उघडली, तशीच वाद्यवृंदाचीही उघडली. गरज पडली म्हणून!

मोठमोठ्या व्यावसायिक संस्थांची तऱ्हा तर याहून पुढची. बर्लिन फिलहार्मोनिकनं पहिली बाई घेतली १९८२ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर शंभर वर्षांनी. व्हिएन्ना फिलहार्मोनिक १८४२ पासून चालू आहे. तिनं बाईला सभासद करून घेतलं फेब्रुवारी १९९७ मध्ये. ॲना लेल्केस ही हार्पवादक वीस वर्षांहून जास्त काळ त्यांच्याबरोबर वाजवत होती, पण सभासद म्हणून तिचं नाव नव्हतं. काम घ्यायचं, पण नाव लावायचं नाही. आपल्या शेतांतून, घरांतून चालतं तेच. अमेरिकेत १९७० नंतर निवडचाचणीच्या वेळी वाजवणारा पडद्याआड बसवायची पद्धत रुळली. टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी खाली गालिचाही अंथरला जाई. कान खुले ठेवायचे तर डोळे झाकावे लागले!

म्हणजे त्या मुलींच्या मागे एवढी लढाई उभी होती. म्हणून मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरात मी कार्यक्रमपत्रिकेचं दुसरं पान उलटलं.

मैफल ‘रोमँटिक’ काळातल्या संगीताची होती. रोमँटिक म्हणजे प्रेमाबिमाचं नव्हे. ढोबळमानानं एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय संगीताला तसं म्हणतात. कार्यक्रमात तीन कृती. आधी फेलिक्स मेंडेल्सोनचं ‘हेब्रिडीज’ हे ओव्हर्चर, म्हणजे नांदीवजा छोटी रचना. मग रॉबर्ट शुमानचा पियानो कॉन्सर्टो, ज्यात एकटी पियानोवादक पुढे बसते आणि ऑर्केस्ट्रा तिला साथ करतो. मध्यंतरानंतर ब्राम्सची पहिली सिम्फनी. तीन कृती, तीन पुरुष. वाजवणाऱ्या निम्म्याहून जास्त मुली, आणि वाजवायचं सगळं पुरुषांचं.

तुम्ही म्हणाल, त्या काळात बायका संगीत लिहीतच नसतील, त्याला कोण काय करणार? मलाही आधी तसंच वाटलं. मध्यंतरात भाची भेटली तेव्हा तिला मी तसं म्हटलंसुद्धा. ती हसली आणि म्हणाली, “मावशी, यातल्या दोघांच्या तर घरातच होत्या.”

त्या रात्री आणि पुढचे आठ दिवस मी तिच्याकडची पुस्तकं वाचत बसले. जे कळलं ते सांगते.

फेलिक्सची थोरली बहीण फॅनी, जन्म १८०५. दोघांचं शिक्षण एकत्र, एकाच गुरूकडे. ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी पत्रातून समज दिली, की संगीत हा भावाचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच राहायला हवा. तिनं साडेचारशेच्या आसपास रचना केल्या. त्यातली सहा गाणी फेलिक्सच्या नावानं, त्याच्या संग्रहांतून छापली गेली. १८४२ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं त्यातलं आपलं आवडतं गाणं खुद्द फेलिक्ससमोर म्हटलं, तेव्हा त्याला कबूल करावं लागलं की हे माझं नाही, बहिणीचं आहे. स्वतःच्या नावानं आपल्या रचना छापायचा निर्णय फॅनीनं घेतला १८४६ मध्ये, तोही भावाची नाराजी ठाऊक असताना. १८४७ च्या मेमध्ये ती गेली.

आता रॉबर्ट शुमानची बायको क्लारा. ती लग्नाआधीच युरोपभर नावाजलेली पियानोवादक होती. पियानो कॉन्सर्टो लिहायला घेतला तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि १८३५ मध्ये लाइपझिगला तो तिनं स्वतः वाजवला तेव्हा सोळा वर्षांची. त्या वेळी ऑर्केस्ट्रा चालवत होता फेलिक्स मेंडेल्सोन. पुढे लग्न झालं, आठ मुलं झाली. घराच्या भिंती पातळ होत्या, म्हणून नवरा संगीत लिहायला बसला की हिचा रियाज बंद! विशीत असतानाच तिनं रोजनिशीत लिहून ठेवलं, की मला निर्मितीची देणगी आहे असं वाटायचं, पण बाईनं असली इच्छा धरू नये. रॉबर्टचा जो कॉन्सर्टो त्या संध्याकाळी वाजला तो १८४५ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे वाजवला क्लारानंच. आणि ब्राम्स? तो आपल्या नव्या रचना मतासाठी तिच्याकडे पाठवत असे.

म्हणजे त्या पत्रिकेवरच्या तिन्ही पुरुषांमागे एक बहीण आणि एक बायको उभी होती. पत्रिकेत त्यांचा उल्लेख होता का? होता. फॅनीचा ‘बहीण’ म्हणून, क्लाराचा ‘पत्नी आणि प्रेरणा’ म्हणून. प्रेरणा! हा शब्द आला की मी सावध होते. ज्या बाईचं श्रेय द्यायचं नसतं, तिला आपल्याकडेही प्रेरणाच म्हणतात.

तिसरी तर त्याच शहरातली. एमी बीच. तिची ‘गेलिक’ सिम्फनी ३० ऑक्टोबर १८९६ रोजी बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रानं पहिल्यांदा वाजवली. ही बाई रचना करायला बहुतांशी स्वतःची स्वतः, पुस्तकं वाचून शिकली. अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा तिच्याहून चोवीस वर्षांनी मोठा, प्रतिष्ठित डॉक्टर. लग्नाच्या अटी अशा, की जाहीर कार्यक्रम वर्षाकाठी एकदोनच, त्याची मिळकत दानधर्माला, आणि शिकवण्या करायच्या नाहीत. तिचं संगीत छापलं जायचं ते नवऱ्याच्या नावानं, ‘मिसेस एच. एच. ए. बीच’. १९१० मध्ये नवरा गेला. पुढच्याच वर्षी ती युरोपात गेली आणि पुन्हा वाजवू लागली.

हे वाचताना मला माझी आई आठवत होती. बघण्याच्या कार्यक्रमात तिला गाणं म्हणायला लावलं होतं. “मुलगी गाते” हे स्थळ पसंत पडण्याचं एक कारण होतं म्हणे. लग्नानंतर सासरच्या दोन खोल्यांत पेटी ठेवायला जागा नव्हती. ती माळ्यावर गेली आणि तिथेच उंदरांनी तिचा भाता कुरतडला. दागिना लग्नापुरता. फॅनीच्या वडिलांनी तो शब्द पत्रात लिहिला. आमच्या घरात कुणी लिहिला नाही, नुसता पाळला.

आता खरी भांडणाची गोष्ट. माझ्या भाचीनं हे सगळं आधीच मांडून पाहिलं होतं. ऑर्केस्ट्राची कार्यक्रम-समिती असते. तिथे तिनं एमी बीचची सिम्फनी सुचवली. तिला चार उत्तरं मिळाली. ती चारही मी इथे लिहिते, कारण ती तुम्हालाही ओळखीची वाटतील.

पहिलं उत्तर: विद्यार्थ्यांनी आधी ‘थोरांचं’ वाजवायला शिकलं पाहिजे. बरं, मग थोर ठरतं कसं? छापलं जातं, म्हणून वाजतं. वाजतं, म्हणून कानात बसतं. कानात बसलेलं ते थोर. फॅनीनंही ऑर्केस्ट्रासाठी एक ओव्हर्चर लिहिलं आहे, साधारण दहा मिनिटांचं, ‘हेब्रिडीज’एवढंच, आणि त्याच सुमाराचं. ते तिच्या हयातीत छापलं गेलं नाही. पॅरिसच्या लुईज फारांक हिनं १८४० च्या दशकात तीन सिम्फनी लिहिल्या, त्याही तिच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. (हीच फारांक पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयात प्राध्यापक होती. पुरुषांपेक्षा पगार कमी मिळतो म्हणून ती भांडली आणि १८५० मध्ये समान पगार मिळवला. समान कामाला समान वेतन मागणाऱ्या आपल्या आजीबाईंमध्ये तिची गणना करायला हरकत नाही.) ब्राम्सला पहिली सिम्फनी पुरी करायला वीसेक वर्षं लागली. ती वाजली १८७६ मध्ये. एवढा वेळ लागला म्हणून कुणी त्याला कमी लेखत नाही, उलट साधना म्हणतात. त्या वीस वर्षांत त्याला मुलांची शी-शू काढावी लागली नव्हती. क्लारा आठ बाळंतपणं, आजारी नवरा आणि पोटासाठीचे दौरे यांतून लिहीत होती, आणि तिनं कमी लिहिलं म्हणून ती कमी ठरते. बीचची सिम्फनी ब्राम्सहून थोर आहे असं माझं म्हणणं नाही. ते ठरवायला ती आधी ऐकायला तर मिळू द्या. आणि पुरुषांच्या मध्यम कृती कुणी परीक्षा न घेता वाजवतातच की.

दुसरं उत्तर: लोक येणार नाहीत. विद्यार्थ्यांच्या मैफलीला येतं कोण? आईबाप, मित्रमैत्रिणी, शिक्षक, आणि माझ्यासारखी एखादी मावशी. आम्ही आमची पोरं ऐकायला येतो, ब्राम्स असो वा नसो. ज्यांना तिकीटविक्रीवर पोट भरायचं आहे त्यांनी ही सबब सांगितली तर एक वेळ ऐकून घेईन. शिकणाऱ्यांच्या ऑर्केस्ट्रानं नवं वाजवायचं नाही, तर मग कुणी वाजवायचं?

तिसरं उत्तर: मार्चमध्ये बघू, महिलांच्या खास कार्यक्रमात. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे तिथेही ८ मार्चचं हळदीकुंकू! फॅनीचीच एक गोष्ट सांगते. तिनं १८२८ मध्ये लिहिलेला ‘ईस्टर’ सोनाटा हा पियानोचा तुकडा कित्येक वर्षं हरवलेला होता. सापडला तेव्हा हस्तलिखितावर नाव होतं ‘एफ. मेंडेल्सोन’, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की हा ‘एफ’ फेलिक्सच. २०१० मध्ये एका संशोधक बाईनं सिद्ध केलं की तो फॅनीचा आहे. तिच्या नावानं तो लंडनला लोकांपुढे वाजला ८ मार्च २०१७ रोजी. मला त्याचा आनंदच आहे. पण बाईचं ते ८ मार्चला आणि पुरुषाचं ते उरलेले ३६४ दिवस, ही वाटणी आपण मान्य करायची का?

चौथं उत्तर सगळ्यात गोड आणि म्हणून सगळ्यात घातक: “अगं, आजूबाजूला बघ की, आपण मुलीच तर जास्त आहोत इथे!” म्हणजे खुर्च्या मिळाल्या ना, मग आता आणखी काय हवं? मुलींची संख्या हाच मुलींना गप्प करायचा मुद्दा झाला. आणि हे म्हणणारी समितीतली एक मुलगीच होती, हे भाचीला जास्त लागलं.

मलाही लागलं, कारण ती मुलगी म्हणजे मीच आहे. मी ज्या संस्थेत काम करते तिथे दर तिमाहीला देणगीदारांना अहवाल जातो. त्यात एक रकाना असतो: ‘महिलांचा सहभाग, टक्के’. मी तो वर्षानुवर्षं भरते आहे. टक्का वाढला की आम्ही एकमेकींना शाबासकी देतो. पण बैठकीत कुठले विषय घ्यायचे हे कोण ठरवतं, असा रकाना त्यात नाही, आणि तो घाला असं मी कधी म्हटलं नाही. १९९३ पासून आपल्या पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा आल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. ती मोठीच गोष्ट होती आणि आहे. पण सरपंचबाई खुर्चीत आणि अजेंडा नवऱ्याच्या खिशात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, तुम्हीही पाहिलं असेल. हजेरीपटावर नाव लागणं ही लढाईची सुरुवात होती. आपण तिथेच सतरंजी अंथरून बसलो.

काही जणी विचारतील, हे गोऱ्यांचं संगीत, आपल्याला त्याच्याशी काय करायचंय? पण मुंबईत, पुण्यात, गोव्यात आपल्या मुली पियानो-व्हायोलिन शिकतात, परीक्षा देतात. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तिथे पुढे मुलांना शिकवण्याचीही सोय झाली. या मुलींच्या हातात उद्या कुठली पानं ठेवली जाणार? शिकवणीच्या खोलीत भिंतीवर कुणाकुणाच्या तसबिरी आहेत, बघून या. आणि आपल्या मैफलींत तरी वेगळं काय? गाणारी बाई असते, पण बंदिश कुणा बाईनं बांधलेली आहे असं किती वेळा सांगितलं जातं?

माझं म्हणणं एवढंच आहे. कुठल्याही संस्थेची वाढ नुसत्या डोक्यांनी मोजू नका. वाजवायचं काय, बोलायचं कशावर, पैसा कुठे खर्च करायचा, हे ठरवणाऱ्या खोलीत कोण बसलं आहे ते मोजा. विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्रापुरतं बोलायचं तर मागण्या सरळ आहेत. कार्यक्रम-समितीत मुलींना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा आणि मत. दर वर्षी कुणाकुणाच्या कृती वाजल्या याची यादी जाहीर. ग्रंथालयाच्या पैशांतून बायकांच्या रचनांच्या वादकांना लागणाऱ्या प्रतींचे संच. आणि रोमँटिक काळाची मैफल असेल तर त्या काळातल्या बायकांनाही त्या काळात धरणं. फॅनीचं ओव्हर्चर, क्लाराचा कॉन्सर्टो, एमी बीचची सिम्फनी: त्याच आकाराचा, त्याच शतकातला सबंध कार्यक्रम तयार आहे. फक्त पानं मागवायची आहेत.

त्या संध्याकाळचा कॉन्सर्टो एका मुलीनं वाजवला. फार सुंदर वाजवला, टाळ्या थांबेनात, मीही वाजवल्या. भाचीनं ऑर्केस्ट्रा सोडलेला नाही. सोडून काय मिळणार, असं ती म्हणते. तिनं नव्यानं अर्ज दिला आहे, या वेळी अकरा मुलींच्या आणि चार मुलांच्या सह्यांनिशी.

आणि मी? परत आल्यावर आमच्या तिमाही अहवालात मी एक रकाना हातानं आखून वाढवला: ‘बैठकीचा विषय कुणी सुचवला’. पहिल्या तिमाहीचे आकडे लाज वाटावी असे आहेत. नऊ बैठका, आणि वस्तीतल्या बायकांनी सुचवलेला विषय एक. तो होता संडासाच्या दिव्याचा, आणि त्या एका बैठकीला सगळ्यात जास्त गर्दी होती.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या, संस्थेच्या, पंचायतीच्या शेवटच्या तीन बैठकांची इतिवृत्तं काढून बघा. विषय कुणी मांडले ते नावानिशी लिहा. मुलगी गाणं-वाजवणं शिकत असेल तर तिच्या वहीतल्या रचना कुणाच्या आहेत तेही विचारा. जे निघेल ते आपल्या त्रैमासिकाकडे लिहून पाठवा. लाज वाटेल असं निघालं तरी पाठवा.